वासुभाऊंचं दोन बटणांचं शास्त्र

दोन्ही बटणं एकदम दाबणाऱ्या माणसाशी वासुभाऊ बोलत नाहीत. गंमत नाही सांगत, माझ्याशीच दोनदा बोलणं टाकलं होतं त्यांनी.

आमच्या भद्रावतीच्या मोहल्ल्यात एक क्रीडा मंडळ आहे. मी त्याचा सचिव, म्हणजे किल्ली माझ्याकडे आणि शिव्याही मलाच. तिथे कॅरमच्या बोर्डांपलीकडे पिनबॉलचं एक जुनं मशीन आहे. चंद्रपूरचं एक व्हिडिओ गेमचं दुकान बंद पडलं, तेव्हा कोणीतरी ते आमच्या गळ्यात मारलं. काचेखाली उतरती फळी, फळीवर लोखंडी गोळी आणि खालच्या टोकाला दोन छोटे हात. डावं बटण दाबलं की डावा हात उडतो, उजवं दाबलं की उजवा. गोळी वर मारत राहायची. ती दिव्यांना, छत्रीसारख्या खुंट्यांना धडकली की आकडे वाढतात. दोन हातांच्या मधल्या फटीतून खाली गेली की गेली. त्या फटीला वासुभाऊ नाली म्हणतात.

"गोळी जिकून येते तिकडचाच हात हालव न बे!" ते खेळणाऱ्याच्या कानाशी ओरडतात. "दुसरा काऊन हालवतं? घाबरला का?"

त्यांच्या पुतणीला पाहायला वरोऱ्याचा एक मुलगा आला होता. चहा-पोहे झाले, पसंती दिसत होती. वासुभाऊ त्याला पाय मोकळे करायच्या निमित्तानं थेट मंडळात घेऊन आले आणि मशीनपुढे उभं केलं. बिचाऱ्यानं पहिल्याच गोळीला दोन्ही बटणं दाबली. वासुभाऊ घरी जाऊन म्हणाले, "पोरगा नोकरीले चांगला हाय, पण संकटात दोन्ही हात हालवते." लग्न झालंच. संसारही झकास चालू आहे. वासुभाऊ मात्र अजून म्हणतात, "पाहा न, पुढं कळन."

वासुभाऊ एसटीत कंडक्टर होते. सारी नोकरी भद्रावती-चंद्रपूर फेरीत उभ्यानं काढली, आणि तिकीट फाडताना कधी दांडा धरला नाही, कमरेवरच तोल सांभाळला, याचा त्यांना आजही गर्व आहे. ती कंबर आता मशीनच्या कामी येते. गोळी बाजूच्या गल्लीत शिरायला लागली की मशीनला हलका धक्का द्यायचा असतो. जोरात दिला तर मशीन रुसतं, सगळे दिवे विझतात आणि हातची गोळी जाते. "हातानं नाई द्याचा धक्का," वासुभाऊ सांगतात. "कमरेनं सांगाचं. भरल्या गाडीत कोणाले न लागता आपण पुढं सरकतो न, तसं. आन् गोळी वाकड्यात जाच्या आधी सांगाचं. गेल्यावर सांगून काय फायदा?"

बाकीचं शास्त्रही ऐकून घ्या, कारण मला ते पाठ आहे आणि कोणावर तरी काढायचंच आहे. गोळी आली की लगेच मारायची नाही. बटण दाबून मशीनचा हात वर धरून ठेवायचा आणि गोळीला त्याच्यावर झोपू द्यायचं. ती झोपली की वर पाहायचं, कोणता दिवा लागलाय. मगच मारायचं. निम्म्या वेळा तर मारूच नये. या हातावर टप्पा खाऊन ती आपोआप त्या हातावर जाते. आणि आधी वरचे दिवे लावायचे, म्हणजे पुढचे आकडे दुप्पट पडतात. "लोकं आधीच आकड्यामांगं धावते," असं म्हणून वासुभाऊ माझ्याकडे पाहतात. का पाहतात ते मला ठाऊक नाही.

मंडळाला रंग दिला तेव्हाची गोष्ट. सामान हलवताना शेखभाऊंचं लक्ष मशीनच्या पायांकडे गेलं. शेखभाऊंचं वेल्डिंगचं दुकान. वाकडं काही दिसलं की त्यांना जेवण जात नाही. मागचे पाय उंच, पुढचे बुटके! त्यांनी सपाटी मोजायची पाणसळ आणली, पुढच्या पायांखाली लोखंडी पट्ट्या सरकवल्या आणि मशीन असं सपाट केलं की वर ठेवलेली चहाची कपबशी हलली नसती. सगळ्यांनी वाहवा केली. संध्याकाळी वासुभाऊंनी गोळी सोडली. ती वर गेली, एका छत्रीला लागली आणि फळीच्या मधोमध येऊन थांबली.

आम्ही वाट पाहिली. गोळीही वाट पाहत राहिली.

"अब देखो, एकदम बराबर," शेखभाऊ म्हणाले.

"शेखभाऊ," वासुभाऊ म्हणाले, "उद्या वर्धा नदीले बी लेव्हलमंदी आणजा." पट्ट्या त्याच रात्री निघाल्या, आणि मग बरेच दिवस ते दोघं एकमेकांना मधे तिसरा माणूस घालून बोलत होते.

या सगळ्या काळात वासुभाऊंना घरी न्यायचं काम कुसुमवहिनींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे होतं. त्या येत नसत, त्यांचा आवाज येई. "जेवाले येता का तिथीच गादी पाठवू?" ते ऐकून आसपासच्या चार घरांतले पुरुषही जेवायला उठत.

मागच्या दिवाळीनंतर वहिनींना लकवा मारला. चंद्रपूरच्या दवाखान्यातून आल्या. पाय सावरला, जीभ जड का होईना पण सुटली. उजवा हात मात्र लुळा राहिला. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी हातात घेतलाच नाही. आणि बोलणंही सोडलं.

"वाचा गेली नाई, डाक्टर म्हणते," वासुभाऊ एकदा मला म्हणाले. "ते बोलूनच नाई राह्यली. जेव म्हटलं का जेवते. झोप म्हटलं का झोपते. भाऊ, ते माह्यं ऐकाले लागली न, तं मले भेव वाट्टे."

 मी त्यांना चहा सांगितला.

त्यानंतर ते मंडळात फक्त डाव्या बटणानं खेळायला लागले. उजवीकडे आलेली गोळी खुशाल नालीत जाऊ देत. लोक म्हणाले, वासुभाऊंचं आता वय झालं. मग एका दुपारी मला किल्ली घेऊन बोलावलं. पाहतो तो दारात वहिनी, वासुभाऊंच्या खांद्याला धरून. आमच्या मंडळात हळदीकुंकू सोडलं तर बायका पाऊल ठेवत नाहीत, पण दुपारी तिथे असतं कोण?

स्टूल ठेवलं. वासुभाऊ डावीकडे उभे राहिले. वहिनींचा उजवा हात उचलून त्यांनी उजव्या बटणावर ठेवला. "इकून आली का मी, तिकून आली का तू."

गोळी तिकडून आली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. वहिनी काचेतून पाहत बसल्या. असं रोज. वासुभाऊ एकदाही रागावले नाहीत, पण तोंड मात्र बंद नाही: आता येऊन राह्यली, थांब, आता दाब, बरं जाऊ दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते स्वतः शेखभाऊंच्या दुकानात गेले, मधे कोणाला न घालता. "गोळी लय जोरात येते," म्हणाले. "ते पट्ट्या हायेत का तुमच्याकडं? सगळी सपाट नका करू. थोडी."

शेखभाऊ लगेच आले. पाणसळ न आणता, अंदाजानंच पट्ट्या सरकवून गेले. गोळी आता गवत चरत उतरणाऱ्या गाईसारखी येऊ लागली. संध्याकाळचे खेळाडू कुरकुरले. मी सचिव आहे, मी ऐकून घेतलं.

होळीच्या सुमाराची दुपार. गोळी उजवीकडे वळली, वासुभाऊ म्हणाले, "थांब, झोपू दे तिले..." आणि बटणावरची बोटं दाबली गेली. मशीनचा उजवा हात उडाला. गोळी वर जाऊन छत्रीला धडकली, खणखण झालं, दिवा लागला. ती पुन्हा तिकडेच आली आणि वहिनींनी पुन्हा मारली.

"अवं पण माह्यं ऐक," वासुभाऊंना राहवेना, "आधी वरचे दिवे..."

वहिनींनी मान वळवली. शब्द जड येत होते, पण सगळे आले. "तुमी... उगे राहा न जरा! सकायपासून... तोंड चालू. जा. बाहीर बसा. मले खेळू द्या."

वासुभाऊ उभेच राहिले. मग झरझर बाहेर गेले, चपलाही घातल्या नाहीत. मी मागोमाग गेलो. ते पायरीवर बसले होते, खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरून, आणि खांदे हलत होते.

"वासुभाऊ, मनाला लावून घेऊ नका," मी म्हणालो.

त्यांनी दुपट्टा बाजूला केला. रडत होते, आणि हसतही होते. "हाकललं न मले," ते म्हणाले. "आयकलं का तुमी? पहिल्यासारखं हाकललं."

आत मशीन वाजत होतं. मी उठायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"जाऊ नका आत," ते म्हणाले. "तुमाले बी बोलन ते."