मोहिते साहेबांचे पाच आकडे

समोरच्याचं बोलणं संपलं की मोहिते साहेब टेबलाखाली बोटांवर पाच आकडे मोजतात आणि मगच तोंड उघडतात. हे मला माहीत आहे, कारण मी वाकून पाहिलं आहे. माझा स्वभाव संशयी. सांगलीत हळदीच्या गोदामाचं स्टोअर सांभाळायचं तर तो तसा असावाच लागतो.

साहेब आमचे मॅनेजर. पाटणकडचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. बायको वारली, मुलगा पुण्यात. इथे खोली घेऊन एकटेच राहतात. पूर्वी आम्ही "साहेब, ड्रम..." एवढं म्हणेपर्यंत "कळलं! सुटा!" असं अंगावर यायचं. हळद घासायच्या ड्रमचं काय ते त्यांना ड्रम बंद पडल्यावर कळायचं.

मग मालकांनी त्यांना माणसं कशी सांभाळावीत, याच्या दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. परत आले ते वेगळेच. केबिनचं दार उघडं ठेवू लागले आणि येईल त्याला खुर्ची देऊन "बोला, मी ऐकतोय" म्हणू लागले. नेमकं तेव्हाच हळद पॉलिश करायचं नवं मशीन येणार अशी बातमी होती. मशीन आलं की दोन-तीन माणसं घरी जाणार, हे उघड होतं. आता फौजी माणूस उगाच गोड बोलेल?

खरा धोका त्या पाच आकड्यांत होता. आपण बोलून थांबलो की साहेब डोळे रोखून गप्प. माणूस घाबरतो आणि नको ते बोलून बसतो. ड्रमवरचा दस्तगीर पट्टा बदलायचा सांगायला गेला आणि दुपारी पोत्यांमागे झोपतो हे कबूल करून आला. हळद निवडणाऱ्या अक्काताईंनी तर न विचारता सांगून टाकलं, की गेल्या महिन्यातला ताप म्हणजे माहेरची जत्रा होती.

"लय बेरकी हाय गड्या," दस्तगीर म्हणाला. "यादी करतोय."

मलाही तेच वाटत होतं. पन्नाशी उलटलेल्या मला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? म्हणून बोलावणं आलं तेव्हा मी ठरवूनच गेलो, की आपण तोंडच उघडायचं नाही.

"बोला," साहेब म्हणाले.

मी गप्प. साहेबही गप्प. पाचाचे पन्नास आकडे झाले असतील. शेवटी त्यांनीच मान खाली घातली.

"पाटोळे, कुनाला काढायचं न्हाई. मालकांकडनं तसं कबूल करून घेतलंय. माझं निराळंच काम हाय." ते जरा अडखळले. "पोरगा रविवारी फोन करतो. आदी मी त्याला बोलूच द्यायचो न्हाई. आता शिबिरात शिकवलं तसं ऐकतो, पाच मोजतो. तर त्यो हॅलो हॅलो करतो, रेंज गेली म्हनतो आनि ठेवून देतो. महिनाभर तुमच्यावर सराव करतोय, पन जमंना. काय चुकतंय वो?"

मला माझीच लाज वाटली. ज्याला मी यादी समजत होतो, तो एका बापाचा सराव होता.

"आवं साहेब, पन हूं कोन म्हननार?"

"मधी बोलायचं न्हाई, असं शिकवलंय."

"हूं म्हंजी काय बोलनं हाय व्हय? हूं आला न्हाई की सांगनाऱ्याला वाटतं, समोरचा झोपला."

मग दार लावून मी त्यांना माझ्या हरवलेल्या म्हशीची आख्खी कहाणी सांगितली. साहेब ताठ बसून हूं देत होते. आधी हूं प्रत्येक शब्दाला पडत होता, म्हैस सापडेपर्यंत जागेवर पडू लागला.

सोमवारी साहेब सकाळीच स्टोअरच्या दारात उभे.

"पाटोळे, बारा मिनिटं बोलला!"

"काय म्हनला?"

साहेब ओशाळले. "हूं म्हनायच्या नादात निम्मं ध्यानातच राह्यलं न्हाई." मग खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसत म्हणाले, "पन मधीच हसला. अगदी त्याच्या आईगत हसतो वो त्यो. मला ठावंच नव्हतं."