सेन्सर आणि जनाबाईंचे आठ दिवस

रविवार, ६ मे २००७. सकाळपासून ऊन कडक, वारा अजिबात नाही. दुपारनंतर पश्चिमेला मळभ, पण पाऊस नाही.

अशा हवेत शहाण्या माणसाने पंख्याखाली पडून राहावं. मिलिंद मात्र बदलापूरच्या मांजर्लीतल्या आपल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात स्टुलावर उभा होता आणि तोंडात दोन स्क्रू धरून भिंतीला भोक पाडत होता. संध्याकाळी त्याची आई येणार होती. ती यायच्या आत त्याला स्वतःच्या तोंडाचा बंदोबस्त करायचा होता. (तूर्त तो स्क्रूंनी झालेला होता.)

मिलिंद अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत सुपरवायझर होता. तिथे शेवटच्या माणसाने सगळे दिवे बंद करून बाहेर पडायचं, असा नियम होता. हा नियम त्याने घरी आणला आणि घरात शांतता म्हणून राहिली नाही. दिवसाढवळ्या जळणारी ट्यूब दिसली की त्याचे आधी कान तापत, मग मान, आणि मग आवाज असा फुटे की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक पिशवी सांभाळत वर बघे. बाथरूमचा दिवा राहिला, ओरडा. देवळीतला झिरोचा राहिला, ओरडा. बदलापुरात रोज तासन् तास भारनियमन असे आणि सगळं गाव त्या वेळी वीजवाल्यांच्या नावाने शंख करी. मिलिंदचा तेवढाच वेळ काय तो सुखात जाई.

आई, म्हणजे जनाबाई, या ओरड्याला कंटाळून दोन वर्षांपूर्वी उल्हासनगरला धाकट्या मुलाकडे, शंकरकडे, निघून गेली होती. तेव्हापासून प्रत्येक नातेवाईक मिलिंदला एकच प्रश्न विचारी, "आई कुठे असते हल्ली?" आणि मिलिंदला चहा कडू लागे. शेवटी बुद्धपौर्णिमेला विहारात त्याने तिचे पाय धरले. तेव्हा जनाबाई चारचौघींसमोर म्हणाल्या, "आठ दिस येते. जमलं तर कायमची राहीन. पर तुज्या घरात दिव्यापायी एकदा जरी तुजा आवाज चढला, तर शंकरला बोलावून परत जाईन. मग पुन्हा ती पायरी चढायची न्हाई."

ओरडायचं नाही हे मिलिंदला पटलं. दिवे जळत राहिलेले बघायचे, हे मात्र पटेना. म्हणून तो उल्हासनगरच्या बाजारात गेला आणि एक खोकं घेऊन आला. त्यावर 'स्मार्ट होम' असं छापलेलं होतं. आत बॅटरीवर चालणारा, साबणाच्या वडीएवढा एक सेन्सर आणि ट्यूबच्या जोडणीत बसवायच्या तीन डब्या. सेन्सरला अंधार दिसला की तो बिनतारी हुकूम सोडणार आणि ट्यूब लागणार. उजेड दिसला की बंद.

"साईं, इसमें वायर-बियर कुछ नहीं," सिंधी दुकानदार म्हणाला होता. "बस लगाओ और भूल जाओ."

तीन डब्या बसवून मिलिंदने भिंतीवरच्या बटणांना चिकटपट्ट्या लावल्या आणि बायकोला, शीलाला, बजावलं, "आता बटणाला कोणी हात लावायचा नाही. घर आपलं आपण बघेल."

शीला शाळेत शिकवायची. सध्या तिला सुट्टी होती. ती म्हणाली, "अहो, दिवा लावायला आणि बंद करायला मला दोन हात आहेत."

"तुझे हात फक्त लावतात," मिलिंद म्हणाला. (आई अजून आली नव्हती, त्यामुळे हे चालण्यासारखं होतं.)

सेन्सरला दिवसाचा उजेड चांगला मिळावा म्हणून मिलिंदने तो हॉलमध्ये खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला. त्या भिंतीवर फळी होती, फळीवर बुद्धाची मूर्ती, आणि मूर्तीच्या एका बाजूला आता सेन्सर. दिसायला नीट दिसत होतं.

संध्याकाळी जनाबाई आल्या. हातात कपड्यांची पिशवी, काखेत एक गाठोडं. अंधारून आलं तशा तिन्ही ट्यूब आपोआप लागल्या. "बघ आई!" मिलिंद म्हणाला. जनाबाईंनी बघितलं, पाय धुतले, दोन मेणबत्त्या लावून फळीवर ठेवल्या आणि हात जोडून वंदना सुरू केली.

पहिलं 'सरणं गच्छामि' होतंय तोच तिन्ही ट्यूब विझल्या.

मिलिंदचे कान तापले. "कोणी..." असं तोंडातून निघालं होतं, ते त्याने गिळलं. त्याची कॉलेजात जाणारी मुलगी, मैत्रेयी, कुजबुजली, "पप्पा, कोणी नाही केलं. तुमच्या मशीनला मेणबत्ती म्हणजे सूर्य वाटतोय."

वंदना चालू असताना आईला मेणबत्ती हलव म्हणणं शक्य नव्हतं. मिलिंदने चवड्यांवर जाऊन सेन्सर भिंतीवरून उपटला आणि कपाटावर ठेवला. कपाटाच्या बरोबर वर ट्यूब होती. सेन्सरला अंधार दिसला, ट्यूब लागली. ट्यूबचा उजेड दिसला, ट्यूब विझली. विझली म्हणून अंधार दिसला, पुन्हा लागली. वंदना संपेपर्यंत घर डोळे मिचकावत राहिलं.

"डिस्को हो गया यार," मैत्रेयी म्हणाली आणि तोंडावर ओढणी घेऊन स्वयंपाकघरात पळाली.

जनाबाईंनी डोळे उघडले, मेणबत्त्यांकडे पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं आणि मग मुलाकडे पाहिलं.

"मेणबत्ती हाय तर ट्यूब कशापायी, असंच ना तुजं? मग तोंडानं बोल की. असं दिवे विझवून काय सांगतोस?"

"आई, मी नाही गं! मशीन..."

"मशिनला कुणी आणलं?"

मिलिंद खाली गेला आणि सोसायटीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एका निरपराध रिक्षावाल्यावर, हेडलाइट चालू का ठेवलास म्हणून, मनसोक्त ओरडून आला.

सेन्सर खिडकीच्या चौकटीवर हलवून त्यानंतरचे दोन दिवस मिलिंदने दात आवळून काढले. राग येतच होता. पूर्वी तो बाहेर पडून संपायचा, आता आत साठत होता. जनाबाई सांजवेळी खिडकीशी तांदूळ निवडायला बसल्या तर ट्यूब लागेना, कारण सेन्सरच्या मते अजून दिवस होता.

"मिलिंदा, मला दिसंना रे."

"लागेल आई, आत्ता लागेल."

"कवा?"

"त्याला वाटलं की."

"आणि मला वाटलेलं चालत न्हाई व्हय!" असं म्हणून जनाबाईंनी गाठोड्यातून टॉर्च काढला आणि तो गुडघ्यात धरून तांदूळ निवडले. मिलिंद हे बघत रुमाल चावत होता. बटणावरची पट्टी काढावी, एक टिचकी मारावी, संपलं. पण शीला समोर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते 'काही नाही' मिलिंदला चांगलं ओळखू यायचं. त्याने पट्टी काढली नाही.

बुधवारी त्याला तोडगा सुचला. सेन्सर बिनतारी आहे, तर तो घरात कशाला हवा? त्याने तो गॅलरीत, ग्रिलच्या वरच्या कोपऱ्यात बांधला. तिथे मेणबत्ती नाही, ट्यूब नाही, फक्त आभाळ. आतला स्क्रू पिळून ट्यूब जरा लवकर लागतील असंही केलं. सेन्सरवर सावली पडू नये म्हणून गॅलरीतल्या वाळत घालायच्या दोऱ्या सोडल्या आणि आईला मधाळ आवाजात म्हणाला, "आई, गॅलरीत काही वाळत घालू नकोस हं. अगदी काही म्हणजे काही नको."

इतका गोड आवाज जनाबाईंनी त्याच्या बारशापासून ऐकला नव्हता. "ह्याला ताप हाय का गं?" त्यांनी शीलाला विचारलं.

त्या संध्याकाळी दिवे वेळेवर लागले. वंदना उजेडात झाली. जेवताना जनाबाई म्हणाल्या, "आज बरं वाटलं." मिलिंदने आणखी एक भाकरी वाढून घेतली. चार दिवस उरले होते आणि आई राहील असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

गुरुवारी तो कामावरून आला तर मैत्रेयी म्हणाली, "पप्पा, दुपारी लाइट लागले होते. सगळे. बाहेर एवढं ऊन आणि आत ट्यूब! तासभर तरी."

"बंद नाही केलेस?"

"बटणाला हात लावायचा नाही ना? तुम्हीच पट्टी मारलीत."

मिलिंदची मान तापली. तो मोरीत गेला, नळ पूर्ण सोडला आणि नळाच्या आवाजाआड बादलीला दोन शिव्या दिल्या.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर तो तडक उल्हासनगरला गेला. दुकान त्याच्या घरात नव्हतं, त्यामुळे तिथे ओरडायला बंदी नव्हती. आठवड्याचा साठा त्याने काउंटरवर ओतला. भर दुपारी दिवे लावणारी असली वस्तू विकता, लोकांच्या म्हाताऱ्या आया घर सोडून जायची वेळ आणता, तुम्हाला काही वाटतं का! बाजूच्या दुकानांतले लोक जमले. दुकानदार हातातला चहा संपेपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "साईं, हो गया? अब सुनो. मशीन अंधेरा देखेगा तो बत्ती जलाएगा. उसका काम वही है. अंधेरा किसने किया, वो घर जाके देखो."

मिलिंद परत फिरला तो एकच विचार घेऊन. म्हणजे कोणीतरी अंधार करतंय. रोज, भर दुपारी, त्याच्या सेन्सरवर. आईचा मुक्काम मोडायला टपलेला असा कोणीतरी माणूस या इमारतीत आहे.

शनिवार, १२ मे. दुसरा शनिवार, सुट्टी. उद्या शंकर येणार होता आणि आई राहते की जाते ते उद्याच ठरणार होतं. जेवणं झाली. जनाबाई "जरा टेकून येते" म्हणून बाहेर गेल्या. कुठे, ते मिलिंदने विचारलं नाही, कारण तो गॅलरीच्या दाराआड खुर्ची टाकून दबा धरून बसला होता.

आणि ट्यूब लागल्या. तिन्ही.

मिलिंद गॅलरीत धावला. वरच्या कठड्यावरून एक भलीमोठी गोधडी खाली लोंबत होती. तिची करडी उलटी बाजू बरोबर सेन्सरच्या तोंडासमोर आली होती.

वर काशीबाई राहायच्या. बदलापूर गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. जमीन बिल्डरला दिली त्यात त्यांना हा फ्लॅट मिळाला होता. त्यांच्या घरी मिलिंद दोन वर्षांत एकदाही गेला नव्हता. आता तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत गेला. दार सताड उघडं होतं आणि काशीबाई उंबऱ्यात लसूण सोलत होत्या.

"ही कुणाची अक्कल?" मिलिंद जिन्यातूनच सुरू झाला. "कठडा काय बापाचा आहे? खाली माणसं राहतात की गुरं? भर दुपारी माझ्या घरात तीन-तीन ट्यूब जळतायत या लक्तरापायी!"

"आवं भाऊ, हलू बोला," काशीबाई म्हणाल्या. "गोधरी माजी नाय."

"मग कुठल्या बेअक्कल बाईची आहे? कोण ती? जिला आपल्या चिंधीला ऊन दाखवायची पडलीय आणि दुसऱ्याच्या घरात काय आग लागते त्याची फिकीर नाही! समोर आणा तिला! आठ दिवस तोंड शिवून बसलोय मी! आठ दिवस! कशासाठी? एवढ्यासाठी?"

मजल्यावरची बाकीची दारं उघडली. मिलिंदला फार दिवसांनी मोकळं वाटत होतं. तो आणखी एक श्वास घेणार, तोच आतून आवाज आला.

"माजी हाय."

जनाबाई काशीबाईंच्या हॉलमध्ये पंख्याखाली पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर सुई-दोरा होता.

"मैत्रेयीला आणली व्हती. गाठोड्यात कुबट वास धरला म्हनून उन्हात टाकते रोज. तूच म्हनलास, आपल्या गॅलरीत काही म्हंजे काही नको."

जिन्यात शीला येऊन उभी राहिली होती. मिलिंदचे कान एकदम गार पडले.

"आई, मी तुला नाही बोललो."

"बेअक्कल बाई म्हनलास. मी ऐकलं."

"पण घरात नाही बोललो!" मिलिंद कळवळून म्हणाला. "तू म्हणाली होतीस, 'तुज्या घरात' आवाज चढला तर. हे काशीबाईंचं घर आहे. आई, शब्द म्हणजे शब्द. तू उल्हासनगरला जाऊ शकत नाहीस."

काशीबाईंनी लसूण सोलायचा थांबवला. जनाबाईंनी दोरा दाताने तोडला.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "तुज्या घरात न्हाई ओरडलास. मी काय उल्हासनगरला जात न्हाई."

मिलिंदने शीलाकडे विजयाने पाहिलं. दोन वर्षांत तो इतका खूश झाला नव्हता.

"हितंच राहते," जनाबाई पुढे म्हणाल्या. "काशीकडं. हिच्याकडं बटन दाबलं की दिवा लागतो, आन् बंद केला की बंद व्हतो."

"रव्हा ना आक्का," काशीबाई म्हणाल्या. "मना पन सोबत." मग त्या मिलिंदकडे वळल्या. "भाऊ, आता उंबऱ्यात हाव तं चा घेता का?"

मिलिंदने चहा घेतला नाही.

रविवार, १३ मे २००७. ऊन कडक, आभाळ स्वच्छ. शंकर अकराच्या सुमारास आला, खाली जेवला, वर जाऊन आईला भेटला आणि एकटा परत गेला. जनाबाईंची पिशवी मैत्रेयीने दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिली. दुपारी गोधडी कठड्यावर पडली. खाली तिन्ही ट्यूब लागल्या आणि संध्याकाळपर्यंत चालू होत्या.