खोटं रंगवून मिळणार नाही

दत्तूच्या स्टुडिओत फोटो काढायला गेलात, तर तो तुम्हाला आधी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसवतो. तोंड पडद्याकडे. "पाच मिनिटं बघा त्याच्याकडे," म्हणतो. "जन्मभर हा तुमच्या मागे उभा राहणार. तोंडओळख तरी हवी." नवं गिऱ्हाईक गोंधळतं. जुनं मुकाट्याने पडदा न्याहाळत बसतं आणि त्यात काहीतरी चूक काढतं. चूक काढली की दत्तू खूश. तो लगेच ब्रश उचलतो आणि मग त्या दिवशी फोटो काही होत नाही.

नाशकात मेनरोडच्या मागच्या एका बोळात हा स्टुडिओ आहे. हल्ली लग्न ठरलेली जोडपी फोटोसाठी द्राक्षांच्या मळ्यात जातात, धरणावर जातात, डोक्यावर ड्रोन फिरवतात. बाकीच्या स्टुडिओवाल्यांनी हिरवं कापड टांगलंय, त्याच्यापुढे उभं राहिलं की कॉम्प्युटर तुम्हाला हवं तिथे नेऊन ठेवतो. दत्तूनेही कॅमेरा नवा घेतला, कोपऱ्यात प्रिंटर आला, पण पडदा अजून हाताने रंगवतो. एका माणसाला एक पडदा. आणि दारातच पाटी: 'पडद्यावर खोटं रंगवून मिळणार नाही.'

पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षवाले साठीनिमित्त फोटो काढायला आले. त्यांना मागे स्वित्झर्लंड हवं होतं. दत्तूने विचारलं, गेला होतात का कधी? ते म्हणाले, नाही. "मग तुम्ही तिथे काय करताय?" दत्तू म्हणाला. ते चिडून निघून गेले. दुसऱ्या दिवशी हा वही घेऊन एसटीने त्यांच्याच मळ्यावर हजर. दोन दिवस बांधावर बसला. पडद्यावर वेलींच्या रांगा आल्या, कोल्ड स्टोरेज आलं, टेम्पो आला आणि एक लंगडं कुत्रंही आलं. कुत्रं काढा, असा शेठजींचा हट्ट. दत्तू म्हणाला, "ते दोन दिवस माझ्याजवळ बसलं होतं. तुम्ही दहा मिनिटं आलात." तो फोटो आता त्यांच्या पॅकहाउसच्या ऑफिसात भिंतभर लावलेला आहे, आणि आल्यागेल्याला शेठजी आधी कुत्र्याचं नाव सांगतात.

एकदा आमच्या कॉलनीतला मिलिंद आईला घेऊन आला. वकिलीची परीक्षा नुकती पास झालेला. मागे कायद्याच्या पुस्तकांचं कपाट पाहिजे म्हणाला.

"किती वाचलीस?"

मिलिंद प्रामाणिक. "पूर्ण अशी चार, काका."

दत्तूने भलंमोठं कपाट रंगवलं आणि त्यात चारच पुस्तकं ठेवली. आईने कपाळाला हात लावला. दुकान उठल्यासारखं दिसतंय म्हणाली. "जागा आहे ना ताई, भरेल," दत्तू म्हणाला. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला मिलिंद पांढरा शर्ट घालून येतो, वर्षभरात काय वाचलं ते सांगतो आणि दत्तू तेवढी पुस्तकं वाढवतो. आधी प्रत्येक पुस्तकातलं काहीतरी विचारतो मात्र. उत्तर बरोबर की चूक, हे त्याला स्वतःला कळत नाही, पण मान गंभीरपणे हलवतो. आता कपाटात सदतीस पुस्तकं आहेत आणि मिलिंद हायकोर्टात जातो.

येवल्याच्या एका विणकराने आपल्या पाठीशी रंगवलेल्या हातमागावरच्या पैठणीतला मोर चुकलाय म्हटलं, तर दत्तू आठ दिवस त्या मोराशी झटत बसला. पासपोर्टचा फोटो मागणाऱ्यांना तर तो रडकुंडीला आणतो. मागे पांढरं हवं म्हटलं की विचारतो, "पांढरं म्हणजे कुठलं? दुधाचं की चुन्याचं?"

लोक हसतात. मीही हसत आलो. पण हे वेड त्याला जन्मापासून नव्हतं. जुन्या नाशकात अजूनही काही लोक सांगतात, की या दत्तूने एकदा खोटा पडदा रंगवून एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं आणि मग पश्चात्तापाने ती पाटी लावली. ती मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण निर्मला. आणि ते तसं घडलेलं नाही. मी आता बहात्तर वर्षांचा आहे. कसं घडलं ते सांगून टाकतो.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी दत्तू काय वाट्टेल ते रंगवायचा. विमान, चंद्र, काश्मीर. आमच्या कचेरीतल्या शिपायाला त्याने मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभं केलं होतं, आणि वाघाचा चेहरा आमच्या साहेबांसारखा आला म्हणून शिपायाने तो फोटो नोकरी संपेपर्यंत ट्रंकेत दडवून ठेवला. पंचवटीत आम्ही एकाच गल्लीत राहायचो. गल्लीतल्या सगळ्या मुली त्याला दत्तूदादा म्हणायच्या. निर्मला नुसतं दत्तू म्हणायची, आणि आई त्यावरून तिला रागवायची.

आमचे वडील गेलेले होते. मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. निर्मला बावीस वर्षांची, आणि दोन ठिकाणांहून तिचा फोटो परत आला होता. मी दत्तूला सांगितलं, नवा फोटो काढ आणि मागे बंगला रंगव. असा रंगव, की बघणाऱ्याला पडदा आहे हे कळताच कामा नये.

दत्तू म्हणाला, "उघडं पडेल, मुकुंदा. आणि दोन खोल्यांत राहते म्हणून काय बिघडलं? मी तर—"

एवढं बोलून तो उगाचच ब्रश पुसायला लागला. पुढचं वाक्य काय होतं ते मला कळलं होतं. तरी मी ते त्याला पुरं करू दिलं नाही. म्हणालो, फाटकावर आमच्या आडनावाची पाटीही रंगव. पडदे रंगवणारा मेहुणा मला नको होता. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही.

त्याने बंगला रंगवला. जाळीवर बोगनवेल, पायऱ्यांवर ऊन, फाटकावर पितळी पाटी. निर्मला त्या पायरीवर अशी बसली होती, जणू आताच आतून चहा घेऊन बाहेर आली आहे. बंगला मी सांगितलाय हे तिला ठाऊक नव्हतं, दत्तूचीच हौस समजली ती. नामपूरच्या पाहुण्यांनी फोटोवरूनच जवळजवळ होकार कळवला आणि एका रविवारी ते आमच्या दोन खोल्यांत येऊन बसले. कांदेपोहे झाले. मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने खिशातून फोटो काढला, घराच्या चारी भिंतींकडे पाहिलं आणि सावकाश विचारलं, "तो बंगला कोठे शे?"

आई माझ्याकडे बघायला लागली. निर्मला आतल्या दाराशी उभी होती.

मी म्हणालो, ते फोटोग्राफरने परस्पर केलं. आम्हाला काही माहीत नव्हतं.

मग सगळी वरात स्टुडिओवर. बोळात गर्दी जमली. म्हाताऱ्याने दत्तूला विचारलं, हे तू तुझ्या मनाने केलंस? दत्तूने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या पडद्याच्या दांडीकडे बघत होतो. "हो," तो म्हणाला, "माझ्याच डोक्यातलं." आणि त्याने सगळ्यांना हात जोडले.

लग्न मोडलं. मुलींचे फोटो काढायला त्याच्याकडे कित्येक वर्षं कुणी फिरकलं नाही. तेव्हा ती पाटी लागली. दोन वर्षांनी निर्मला सटाण्याच्या एका मास्तरांशी लग्न करून गेली आणि बरा संसार केला तिने. दत्तूने लग्न केलं नाही. मी मात्र आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे जात राहिलो. त्याने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. चहा मात्र पंचेचाळीस वर्षं प्यालो.

मास्तर मागच्या वर्षी गेले. आता निर्मला माझ्याकडे राहते. घरात आम्ही दोघंच म्हातारे. गेल्या महिन्यात तिच्या पेन्शनच्या कागदांसाठी फोटो हवा होता. दत्तूकडे जाऊ म्हटलं, तर ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्या माणसाकडे नको." हे मी आधीही ऐकलं होतं. पण या वेळी ती पुढे बोलली. "निदान एकदा तरी येऊन त्याने माफी मागायची."

मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. फाटकावरच्या पाटीसकट. अर्धवट राहिलेल्या वाक्यासकट.

ती मेथी निवडत राहिली. जुडी संपल्यावर तिने विचारलं, "मी त्याला इतकी वर्षं शिव्या घालते, हे माहीत होतं त्याला?"

"हो."

"आणि तू त्याच्याकडे जाऊन बसायचास."

तिने देठं केरात टाकली, हात धुतले आणि साडी बदलून आली.

दत्तू पडदा गुंडाळत होता. तिला पाहून गुंडाळी त्याच्या हातातून सुटली आणि अर्धा पडदा जमिनीवर पसरला. तो उचलायचं भान त्याला राहिलं नाही. या, बसा, असं काहीतरी पुटपुटला. निर्मला स्टुलावर बसली, पदर सारखा केला. पेन्शनसाठी आहे म्हणाली. त्याने हाताला आली ती पांढरी चादर मागे अडकवली.

तो कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला.

"दादाने सांगितलं मला. आज," निर्मला म्हणाली.

दत्तू माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता काय गरज होती?"

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा सांगितलं असतं, तर तू भावाचं तोंड पाहिलं नसतंस." त्याने भिंगावरची नसलेली धूळ पुसली. "वडील नव्हते तुला. मग कुणाच्या आधाराने राहिली असतीस?"

निर्मलाने डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. दत्तूने फोटो काढला. मग आणखी एक. मग आणखी एक. पेन्शनच्या फोटोला इतके कशाला, असं कुणीच विचारलं नाही. मी दारापाशी उभा होतो, आत पाऊल टाकवत नव्हतं.

"कधी मिळेल?" तिने उठताना विचारलं.

कोपऱ्यातल्या प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला होता. दोन मिनिटांत फोटो देतो तो. माझा आधार कार्डाचा फोटो मी उभ्या उभ्या घेऊन गेलो होतो.

"गुरुवारी," दत्तू म्हणाला. "वाळायला वेळ लागतो."

निर्मलाने प्रिंटरकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"बरं," ती म्हणाली. "गुरुवारी येते."

पायऱ्या उतरताना मी आधारासाठी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरुवारी तू येऊ नकोस, दादा."