अंगावरचं सामान

"अगं, चहा महाग झाला आणि विमान स्वस्त झालं!" मास्तर दुकानात शिरता शिरता ओरडले. "दोन कप चहाच्या पैशात विमानाचं तिकीट काढलंय मी. आहेस कुठं?"

बायको मशीनवर काजं करत होती. तिने मानही वर केली नाही.

"स्वस्त कापड पहिल्याच धुण्यात आटतं," ती म्हणाली.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. एकेकाळी त्यांच्या हातचा कोट अंगात घातल्याशिवाय या रस्त्यावर कुणी नोकरीची मुलाखत द्यायला जात नसे. आता सगळा रस्ता तयार कपडे घालतो आणि मास्तरांकडे फक्त पँट आखूड करायला येतो. दुकान चालेना, म्हणून घरात ठरून गेलं होतं की आता कुलूप लावायचं आणि मेहुण्याच्या गोदामात जाऊन पोती मोजायची. मेहुणा रोज फोन करायचा. "मग काय दाजी, कधी येताय कामाला?" त्या 'कामाला' शब्दावर तो असा काही जोर द्यायचा की मास्तरांच्या अंगाची लाही लाही व्हायची.

तेवढ्यात ही ऑर्डर आली. एका स्वस्त विमान कंपनीने नवा मार्ग सुरू केला होता. पलीकडच्या शहरात पहिलं विमान उतरेल तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी नवे कोरे कोट घालून फोटो काढायचा होता. कर्मचारी पाच, म्हणून कोटही पाच. ते पसंत पडले तर कंपनीच्या सगळ्या मार्गांचे कोट मास्तरच शिवणार होते. कंपनीच्या साहेबांनी रंग तीनदा बदलला. शेवटी भडक नारिंगी ठरला, छातीवर कंपनीचा पक्षी. या सगळ्यात इतका उशीर झाला की कोट पोचवायला स्वतः मास्तरांनी त्याच पहिल्या विमानाने जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

विमानतळावर काउंटरच्या मुलीने तिकीट पाहिलं, मग मास्तरांची पेटी पाहिली आणि गोड हसली.

"काका, बॅगेचे वेगळे पडतील."

तिने सांगितलेला आकडा ऐकून मास्तरांनी काउंटरचा आधार घेतला. तेवढ्या पैशात मास्तर, बायको आणि मेहुणा सहकुटुंब विमानाने जाऊन आले असते.

"अहो ताई, हे तुमच्याच कंपनीचे कोट आहेत!"

"नियम सगळ्यांना सारखा, काका. आधी भरले असते तर कमी पडले असते. आता ऐनवेळी जास्त."

"पेटी नको. हातात घेतो."

"हातातलंही सामानच."

"खांद्यावर टाकले तर?"

"सामान."

"आणि अंगात घातले तर?"

मुलगी थबकली. तिने पडद्यावर वर-खाली बरंच शोधलं. "अंगावरच्या कपड्यांचं काही लिहिलेलं नाही," ती पडेल आवाजात म्हणाली.

"अहो, भरून टाका ना पैसे," पोचवायला आलेली बायको कुजबुजली. "लोक बघतायत. शोभतं का हे?"

"बघू देत! पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे!"

माणूस असं म्हणतो तेव्हा प्रश्न हमखास पैशाचाच असतो. मास्तरांच्या बाबतीत तो दोन्हींचा होता. खिशात तेवढे पैसे नव्हते, आणि असते तरी त्यांनी दिले नसते.

मास्तर अंगाने काडीपैलवान. पाच कोट पाच मापांचे होते, त्यामुळे लहानावर मोठा असे ते एकावर एक छान बसले. पाचवा चढला तेव्हा मास्तरांचे दोन्ही हात अंगापासून लांब उभे राहिले आणि मान कॉलरांमध्ये बुडाली. तपासणीच्या जागी शिपायाने पाचही उतरवायला लावले आणि पुन्हा चढवायला लावले. "अजून किती आहेत?" तो प्रत्येक कोटाला विचारत होता. घामाघूम होऊन मास्तर विमानाच्या दारापाशी पोचले आणि खुर्ची दिसत होती तिच्यात कसेबसे मावले.

ती खुर्ची कर्मचाऱ्यांची होती. शेजारी एक लोखंडी पिंजरा होता. ज्याची पिशवी त्यात बसणार नाही त्याने पैसे भरायचे. पिंजऱ्यापाशी पिशव्या तपासणारी बाई नेमकी फोन आला म्हणून बाजूला गेलेली.

रांगेतल्या पहिल्या आजी पुढे आल्या. नारिंगी कोट आणि छातीवर पक्षी बघून त्यांनी हात जोडले. "साहेब, एवढीच पिशवी आहे हो. नातवाचे स्वेटर आहेत. याचे पैसे पडतील का?"

आपण साहेब नाही, हे मास्तर सांगणारच होते. पण 'पैसे पडतील' हे शब्द कानावर पडले आणि त्यांचं डोकं पुन्हा सणकलं.

"कसले पैसे?" ते गरजले. "स्वेटर आहेत, हत्ती नाही! जा आत!"

आजींनी आशीर्वाद दिला आणि त्या आत गेल्या. मागचा माणूस लगेच पुढे सरकला. "साहेब, माझी ही पेटी?"

"जा!"

"आम्ही नवराबायको. जागा लांब लांब दिल्यात. शेजारी बसायचं तर म्हणे वेगळे पैसे."

"लग्न केलंय ना? मग बसा एकत्र! आता त्याचेही पैसे घेतात का हे लोक?"

बघता बघता रांग हलली. कुणी घडीची सायकल आणली होती, कुणी उशी, एकाने तर चक्क टेबलफॅन. मास्तरांनी कुणालाही अडवलं नाही. शेवटी ते उठून त्या पिंजऱ्यावरच बसले, म्हणजे प्रश्नच मिटला. फोनवरची बाई परत आली तेव्हा दारात चिटपाखरू नव्हतं आणि एक गलेलठ्ठ नारिंगी माणूस विमानात आडवा होऊन शिरत होता.

विमान उतरलं. पलीकडे साहेब हार-तुऱ्यांसह उभे होते. पाहुणे होते, फोटोवाला होता, आणि कोटांची वाट बघत शर्टावर उभे असलेले पाच कर्मचारी होते. एकेक प्रवासी उतरून साहेबांचा हात हातात घेऊ लागला. "काय माणूस ठेवलाय तुम्ही! देवमाणूस! एक पैसा घेतला नाही!" साहेब आधी खूश झाले, मग गोंधळले. मग त्यांना फोन आला आणि ते कोटांच्याच रंगाचे झाले.

"ऑर्डर रद्द!" मास्तर समोर येताच ते कडाडले. "एकूण एक बॅगेचे पैसे बुडवलेत तुम्ही माझे! यापुढे तुमचं तोंड बघायचं नाही मला!"

मास्तरांच्या डोळ्यांपुढे गोदाम आलं, पोती आली आणि पोत्यांवर बसून हसणारा मेहुणा आला. दुसरा एखादा असता तर पाया पडला असता. मास्तरांच्याही मनात ते आलं, खोटं कशाला सांगा! पण पाच कोटांमध्ये त्यांना वाकताच येईना.

"बरं," ते म्हणाले. "ऑर्डर रद्द, तर कोट माझे. निघालो."

"साहेब, पाहुणे खोळंबलेत," फोटोवाला कानाशी लागला. "स्टाफला कोट घाला ना लवकर."

साहेबांनी शर्टावरच्या पाच जणांकडे पाहिलं. "कोट... देऊन जा."

"देतो की. कोट स्वस्तच आहे. बटणांचे तेवढे वेगळे पडतील."

"म्हणजे?"

"कॉलरचेही वेगळे. आणि खिसे हवे असतील तर आधी सांगायचं होतं, कमी पडले असते. आता ऐनवेळी जास्त."

"ही लूट आहे!"

"नियम सगळ्यांना सारखा, साहेब."

प्रवाशांमध्ये हशा पिकला. "बाह्यांचे सोडू नका हो!" आजी मागून ओरडल्या. पाहुणेही हसायला लागले. फोटोवाल्याने तर फोटो काढायला सुरुवातही केली, आणि ते फोटो साहेबांना नको होते.

"हवंय काय तुम्हाला?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ठरलेली शिलाई. सगळ्या मार्गांची ऑर्डर, लेखी. आणि या लोकांच्या मागे लागायचं नाही." मास्तरांनी वरच्या कोटाचं बटण काढलं. "बटणं फुकट. आमच्या दुकानात ती कोटाला लावूनच मिळतात."

एकेक कोट उतरत गेला आणि मास्तर बारीक होत गेले. कोट पाचही जणांना असे चपखल बसले की साहेबांनासुद्धा खोड काढता आली नाही. त्यांनी तिथेच कागदावर सही ठोकली, वर म्हणाले, "माझ्याकडे नोकरी करा. भाडी तुम्ही ठरवा." मास्तरांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि परतीच्या तिकिटासाठी ते काउंटरपाशी गेले. तिथे जे ऐकलं ते ऐकून निमूट बाहेर आले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"मिळाली ऑर्डर," ते म्हणाले. "तुझ्या भावाला सांग, पोती मोजायला दुसरा माणूस बघ म्हणावं."

पलीकडे बायको हसली की रडली, नीट कळलं नाही. मग तिने विचारलं, "विमान कधीचं आहे परतीचं?"

"विमान कसलं? बसनं येतोय. स्वस्त विमान आपल्याला परवडायचं नाही."