तळहातावरचा उजेड

आमच्या पालघरच्या आळीत मनोहरकाका कुणाच्याही घरी आले, की चपला काढायच्या आधी डावा तळहात पुढे धरायचे. काही मागायला नव्हे. गळ्यातला कॅमेरा त्या तळहाताजवळ न्यायचा, त्याच्या डोक्यावरच्या इवल्याशा खिडकीत डोकवायचं, आतला काटा कुठे थांबलाय ते बघायचं आणि आकडा खणखणीत आवाजात जाहीर करायचा. वर शेरा, "तुमच्या ओटीवर आज एक घर कमी हाय." मग चपला, मग चहा.

घर म्हणजे कॅमेऱ्याच्या चकतीवरची एक खूण. चकती एक घर पुढे सरकवली की फोटोत शिरणारा उजेड दुप्पट. हे मला शाळेत असतानाच कळलं, कारण काका ते सगळ्यांना सांगत. पोस्टमनला, भटजींना, एकदा तर बाराव्याच्या पंगतीला बसलेल्या मंडळींनाही. कॅमेरा जुना, जर्मन. डहाणूच्या एका इराणी बागवाल्याने चिकूची वाडी विकून जाताना तो काकांना देऊन टाकला होता. त्याला सेल लागत नसे. पुढे मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार काच, तिच्यावर उजेड पडला की काटा आपोआप उठे. बोईसरच्या कारखान्यात दिवसभर नट-बोल्टांचा हिशेब ठेवणारा हा माणूस त्या काट्याकडे देव्हाऱ्यात बघावं तसा बघायचा.

किनाऱ्यावर बोंबील वाळत टाकलेले असत, तिथे एकदा ते असेच तळहात धरून उभे होते. एक कोळीण म्हणाली, "काय मोजतंस रं भाऊ? ऊन? ऊन आमी पाठीवर मोजतो. डबा कशाला पायजे?"

"मावशी," काका गंभीरपणे म्हणाले, "पाठीवरचा आकडा वाचता येत नाय ना."

पण गंमत अशी, की इतकी भक्ती असून काकांचा काट्यावर आंधळा विश्वास नव्हता. "मीटर बिचारं भोळं," ते सांगत. "त्याला वाटतं, सगळं जग गव्हाळ हाय." म्हैस दाखवली की काटा म्हणतो, उजेड कमी पडतोय, वाढव. म्हैस उजळते. बगळा दाखवला की म्हणतो, फार झालं, कमी कर. बगळा काळवंडतो. काकांकडे हे दोन्ही फोटो होते आणि म्हशीचा नि बगळ्याचा रंग खरोखर एकच होता. म्हणून ते काट्याला माणूस दाखवतच नसत. माणसाच्या शेजारी, त्याच उजेडात, स्वतःचा तळहात दाखवत आणि तळहात गव्हाळाहून उजळ म्हणून वर एक घर वाढवत. "तळहात सगळ्यांचे सारखेच असतात, नलू. काळ्याचाही नि गोऱ्याचाही. उजेड मोजायचा, माणूस नाय." मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत, पण हे वाक्य ऐकून जशी थक्क झाले तशी कुठे झाले नाही.

असल्या माणसाकडे आई मला स्थळासाठी फोटो काढायला घेऊन गेली. मी सावळी. वाणगावचं स्थळ चालून आलेलं, मुलगा नोकरीवाला, आणि त्यांनी आधी फोटो मागवला होता. आईची झोप उडाली होती. काकांनी मला पडवीत स्टुलावर बसवलं, तळहात धरला, आकडा जाहीर केला. आई पुढे सरकली.

"भाऊजी, दोन घरं जास्त टाका. पोरगी उजळ दिसेल."

"नाय वहिनी."

"एक तरी टाका."

"उजेड मोजायचा, माणूस नाय."

"ते तुमचं ज्ञान ऱ्हाऊ द्या. बोईसरचा स्टुडिओवाला कुणालापण गोरं करून देतो. चल गं नलू."

मी उठले. खरं सांगायचं तर मलाही गोरं व्हायचं होतं. काका नुसती चकती पुढे-मागे करत राहिले.

तेवढ्यात आतून शालूआत्या आली. काकांची धाकटी बहीण. लग्न झालं नव्हतं, भावाचं घर तीच बघायची. काकांनी आळीतल्या कोंबड्यांचेसुद्धा फोटो काढले होते, पण आत्याचा एकही आम्ही कधी पाहिला नव्हता. कॅमेरा दिसला की ती आत जायची. आज मात्र पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"बसा वहिनी," ती म्हणाली. "माजा फोटो दादानंच काढलेला, कॅमेरा नवा घरात आला तवा. मायेपोटी दोन घरं वाढवली. काय गोरी आले मी त्यात! पाम गावची माणसं बघायला आली. मी चहा घेऊन गेले. मुलाच्या आईनं फोटो माज्या तोंडाशी धरला, दोनदा बघितलं, नि म्हणाली, ही थोरली बघून झाली, आता फोटोतल्या धाकटीला बोलवा."

आत्या हसली म्हणून आईही हसली, आणि मधेच थांबली.

"मंग मी ट्रे घेऊन आत गेले," आत्या म्हणाली. "परत कोनापुढं गेले नाय."

काका कॅमेऱ्याच्या खिडकीतच बघत होते. पडवीतलं ऊन होतं तसंच होतं, बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत स्टुलावर बसवलं. "काढा भाऊजी," ती म्हणाली. "हाय तशी काढा."

तो फोटो वाणगावला गेला. मी त्यात सावळीच आहे. पण डोळे, भुवया, गालावरची खळी, सगळं जिथल्या तिथे. स्वतःला इतकं नीट मी आरशातही पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून मला गोरं व्हावंसं वाटलं नाही. वाणगावकरांनी एकदा फोटो पाहिला, एकदा मला पाहिलं आणि धाकटी आहे का असं कुणी विचारलं नाही. ते घर आता माझं आहे, आणि घरमालक या घटकेला बाजूच्या खोलीत घोरत आहेत.

त्या दुपारी माझा फोटो झाला नि मी उठले, तरी आत्या दारातच उभी होती. आता आत जाईल असं वाटलं. तिने पदराला हात पुसले, येऊन स्टुलावर बसली आणि स्वतःचा तळहात उन्हात पुढे धरला.

"मोज, दादा."

काकांनी कॅमेरा तिच्या हाताजवळ नेला आणि खाली वाकून खिडकीत बघत राहिले. आई, मी, आत्या, आम्ही सगळ्या आकड्याची वाट बघत होतो. काकांनी तो सांगितलाच नाही.