कांबळे सर आणि जंतूंची घराणी

मी शाईच्या पेनाने नावं लिहिली. चंदगडच्या पावसात. सर शिसपेन्सिल पुढे करत असताना.

माझ्या मूर्खपणाचा गाभा एवढाच. तो आधीच सांगून टाकलेला बरा, नाहीतर आमचे कळंब्याचे शेजारी आणि कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक दौलत कांबळे तो सांगतातच. स्टाफरूममध्ये सांगतात, मिसळीच्या दुकानात सांगतात, एकदा तर माझ्याच सत्कारात माईक हातात आल्यावर सांगितला. लोकांनी माझ्या भाषणाला वाजवल्या नव्हत्या इतक्या टाळ्या त्याला वाजवल्या.

कांबळे सरांना दुसऱ्याला आलेला ताप फार आवडायचा. कॉलनीत कुणाचं पोर फणफणलं की डॉक्टरच्या आधी हे हजर. पोराची चौकशी नाही, आईला धीर नाही. पहिला प्रश्न, "घराणं कुठलं?" नवीन भाडेकरू दचकायचे. एकाने छाती काढून स्वतःचं कूळ, गोत्र, मामाकडचं गाव असं सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "तुमचं नव्हे हो. जंतूचं विचारतोय. माणसाचं घराणं मी कधी विचारत नाही. त्याला बाकीचे लोक आहेत की."

मलेरिया हा एक आजार आहे असं तुम्हाआम्हाला वाटतं. सरांच्या मते हे म्हणजे 'कोल्हापुरात पाटील राहतात' असं म्हणण्यासारखं झालं. कुठले पाटील? कुठल्या गल्लीतले? त्यांचं शेजाऱ्याशी पटतं का? सूक्ष्मदर्शकातून मलेरियाच्या एका जातीचे सगळे जंतू सारखेच दिसतात, पण त्यांच्या जनुकांत शिरलं की प्रत्येकाचं घराणं वेगळं. एकाच पोराच्या रक्तात कधी कधी तीन-चार घराणी एकदम बिऱ्हाड करून असतात. हे मला त्यांनी मिसळ खाताना समजावलं, माझ्याच ताटलीतलं फरसाण बोटाने निवडून. "ही शेव बघा, एक घराणं. हा पोहा, दुसरं. हे दाणे, तिसरं. आणि तुम्ही सरसकट म्हणता मिसळ!" त्यानंतर ती मिसळ मला गेली नाही. ती त्यांनी संपवली.

मुलांच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त गाळणकागदावर घ्यायचं, वाळवायचं आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नेऊन त्यातली जनुकं वाचायची, हे त्यांचं काम. तोवर ते कागद घरच्या फ्रीजमध्ये. पाहुण्यांनी बर्फ मागितला की वहिनी म्हणायच्या, "खालच्या कप्प्यात भाजी हाय, वरच्या कप्प्यात चंदगड. बर्फ न्हाई." प्राचार्यांनी एकदा मीटिंगमध्ये विचारलं, "डास मारायचं सोडून ही वंशावळ कशाला?" सर म्हणाले, "तुम्ही गाइडं लिहिता, पोरं शिकवायचं सोडून. मी विचारलं कधी?" त्या वर्षी त्यांची पगारवाढ अडली, आणि प्राचार्यांचं गाइड दुसऱ्या आवृत्तीला गेलं.

त्या पावसाळ्यात त्यांचा मदतनीस आजारी पडला म्हणून ते मला चंदगडला घेऊन गेले. मी मराठी शिकवतो. माझा उपयोग काय, असं विचारल्यावर म्हणाले, "काही नाही. नावं लिहा. तेवढं येत असेल."

हे मला लागलं. माझं अक्षर वळणदार आहे हे कॉलेजातला शिपाईसुद्धा कबूल करतो. मानपत्रं मीच लिहितो. आणि हा गृहस्थ मला शिसपेन्सिलीचं थोटूक देत होता, बिगरीतल्या पोराला देतात तसं. मी ते खिशात टाकलं आणि माझं शाईचं पेन काढलं. गाळणकागद शाई भराभरा पीत होता. मला वाटलं, रसिक आहे.

धरणाच्या कामाजवळच्या त्या वाडीत सर आले की पोरं काजूच्या झाडांवर चढायची. खाली उभे राहून सर ओरडायचे, "उतर की रं! एक थेंब दे, एक पेपरमिट घे!" ज्यांना ताप होता त्यांना सरांबरोबरची नर्सबाई गोळ्या देई. मग सर पोराला आ करायला लावून बॅटरीने घशात बघत. गोळी गालात दडवायची कुणाची टाप नव्हती. कोमल नावाची पाच-सहा वर्षांची एक पोरगी मात्र झाडावर चढली नाही. चढण्याइतकी ताकदच नव्हती. घातक जातीचा मलेरिया होता. तिच्या आईने, आनंदीने, तिला मांडीवर घेतलं, सरांनी थेंब घेतला, गोळ्या गिळवल्या आणि मी 'कोमल' हे नाव असं काढलं की बास.

परतीच्या एसटीत माझ्या बाजूची खिडकी बंद होत नव्हती. कळंब्याला पोचून पिशवी उघडली तर रक्ताचे डाग बिचारे जागेवर होते. पळाली होती ती माझी अक्षरं. कागदाकागदावर नुसते निळे ढग.

सर ओरडले नाहीत, तेव्हाच मी घाबरलो. "साहित्यिक," ते म्हणाले, "पेन्सिल कुठाय?" मी खिशातून काढून दिली. ती अजून टोकदार होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण चार आठवड्यांनी कोमलला परत ताप भरला. औषध बदललं, पोरगी वाचली, पण आनंदीवर बालंट आलं. सरकारी मच्छरदाणी तिने ओढ्यात मासे धरायला नेली, पोरगी उघड्यावर झोपवली, नवा डास चावला, असं सासू वाडीभर सांगत सुटली. आरोग्य केंद्रातले साहेब म्हणाले, औषध चांगलंच आहे, आईच बेजबाबदार. नवरा तिला माहेरी धाडायच्या गोष्टी करू लागला.

नवा डास की जुनाच जंतू, हे सांगता येत होतं. दुसऱ्या तापातलं घराणं पहिल्याशी ताडून बघायचं. वेगळं निघालं तर नवा डास. तेच निघालं तर जंतू औषधाला पुरून उरला, आणि आई निर्दोष. पण पहिला कागद कुठला? तो माझ्या ढगांत होता.

दुसऱ्या तापाचा कागद सरांनी स्वतः आणला, शिसपेन्सिलीने नाव लिहून, आणि माझ्या शाईची गोष्ट वाडीत सांगून. मग त्या निळ्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "रक्तात जंतूच असतो असं नाही. पोरगीपण असते की." म्हणजे प्रत्येक कागदावरच्या रक्तातून आधी माणसाची खूण काढायची, जी कोमलच्या दुसऱ्या कागदावरच्या खुणेशी जुळेल तो कागद तिचा, आणि मग त्यातला जंतू बघायचा. पुण्याच्या फेऱ्या, रसायनांसाठी ह्याच्या-त्याच्या विनवण्या. वहिनींच्या बांगड्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनीही मला चहा विचारणं बंद केलं होतं.

दिवाळीनंतर सर माझ्या दारात आले. "चला. चंदगड."

वाडीत पोचल्यावर पोरं सवयीने झाडावर चढली, पण सरांनी तिकडे पाहिलं नाही. ते थेट कोमलच्या घरी, आनंदीच्या सासूसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. पिशवीतून एक काळा फोटो काढला. त्यात जंतूच्या घराण्याच्या खुणा, पांढऱ्या रेघा होत्या.

"म्हातारे, ह्या रेघा पहिल्या तापाच्या. ह्या दुसऱ्या. बघ, जुळत्यात?"

म्हातारीने फोटो उलटा धरून बघितला. "जुळत्यात."

"म्हंजे नवा डास चावलाच न्हाई. जुनाच किडा आत दडून बसलेला. औषध कमी पडलं. तुझी सून न्हाई कमी पडली. आणि हे मी त्या केंद्रातल्या साहेबालापण लिहून देऊन आलोय."

म्हातारीने फोटो परत दिला. मग म्हणाली, "एवढंच सांगाय कोल्लापुरास्नं आलासा? तुमास्नी काय पडलंय हिचं?"

मला वाटलं, आता घराणं, मिसळ, शेव, पोहा सुरू होणार. सर फोटोची कड अंगठ्याने सरळ करत बसले.

"माझी धाकटी बहीण कोमलएवढी हुती," ते म्हणाले. "तापानं गेली. आईनं उघड्यावर झोपवली म्हणून गेली, असं समद्यांनी ठरवलं. आई म्हातारी हुईस्तोवर ऐकत हुती. मरतानापण मला म्हणाली, दौलू, मी आतच झोपवलती रं." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "तवा ह्या रेघा न्हवत्या. कुणाला दाखवू?"

म्हातारी उठली. सुनेच्या हातातली घागर तिने आपल्या हातात घेतली आणि पाण्याला गेली.

आनंदीने कोरा चहा आणला. सर बशीत ओतून प्यायला लागले, नेहमीसारखा मोठा आवाज करत. मी भारावलो होतो. भारावलो की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. आईचं ते वाक्य विसरायच्या आत टिपून घ्यावं म्हणून मी पेनचं टोपण काढलं.

आनंदीने कपबशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"पावणं, त्यो पेन आदी खिशात घाला. तुमच्या शाईपायी दिवाळीपत्तोर सासूचं ऐकून घेतलंय मी."