खंडेनवमीस हार्ड डिस्क गैरहजर राहिली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. कुळस्वामिनीस दंडवत, आणि गल्लीतील विजेच्या खांबासही दंडवत, की त्याचे कृपेविना पुढील मजकूर घडताच ना. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, बुधवार, ते दिवशी एका राज्यात काय प्रसंग गुदरला तो जैसा घडला तैसा लिहितो; पदरचे तिखटमीठ किंचित पडले असेल, ते वाचणाराने गोड मानून घ्यावे. राज्याचे नाव सांगणे प्रयोजन नाही. चतुःसीमा ऐशी: पूर्वेस जिना, पश्चिमेस पाण्याची टाकी, उत्तरेस शेजाऱ्याची भिंत आणि दक्षिणेस अंगण, जेथे राजेयांची स्कूटर उभी राहते. राजे रायाजीराव, दिलदार पुरुष, परंतु हाती स्क्रू ड्रायव्हर आला की कोणास आवरत नसत. राणी सगुणाबाईसाहेब, जिभेने तिखट, मनाने लोणी. कारभारी लिंगोपंत, भिंतीपलीकडील; वेतन दोन वेळचा चहा, आणि सल्ला अखंड.

या राज्याचा किल्ला म्हणजे कॉम्प्युटरची पेटी. आत मदरबोर्ड म्हणोन हिरवे मैदान, त्यावर अवघी ठाणी वसलेली, आणि कोपऱ्यात हार्ड डिस्क, तो राज्याचा जामदारखाना. जामदारखान्यास वाटा दोन. एका रुंद केबलीतून वीज येते, ती रसद. आणि दुसरी तांबडी, अरुंद, तीतून खबर जाते-येते. महाद्वारी बायोस नामे नाकेदार बसतो. किल्ला जागा जाहला की तो एकेकाचे नाव पुकारून हजेरी घेतो, आणि जो 'हजर' म्हणत नाही तो त्याचे लेखी मेला. त्या जामदारखान्यात राजेयांची पेन्शनची कागदपत्रे होती, भाचरांचे फोटो होते, ते सर्व एकीकडे. आणि बाईसाहेबांचा जीव होता तो एका गाण्यात. राजेयांची धाकटी बहीण चिमाबाई, बाईसाहेबांची नणंद. दोघींचे भांडण असे की शेजारी कान देऊन ऐकत, आणि गूळपीठ असे की एकीस ठेच लागली तर दुसरी आई गं म्हणे. चिमाबाईंनी भोंडल्यासाठी स्वतः गाणे रचिले होते, त्यात भावजयीची यथेच्छ टर उडविली होती, आणि एके नवरात्री माइकापुढे बसून ते सगळे म्हटले होते. पुढील साली त्या देवाघरी गेल्या. पहिले कडवे गल्लीत पोरीबाळींस पाठ; शेवटले कडवे कोणासच येत नाही, बाईसाहेबांसही नाही. ते फक्त त्या डिस्केत. नक्कल करून ठेवावी ऐसे दर साली ठरत असे, आणि उद्या करू म्हणोन दर साली राहत असे. नवमीस सांजेला शेवटचा भोंडला, गल्लीच्या बायका यावयाच्या, त्यांस ते गाणे ऐकवावे ऐसा बाईसाहेबांनी नवस केल्यासारखा बेत केला होता.

आता खंडेनवमी म्हणजे शस्त्रपूजेचा दिवस. इतर राज्यांत कॉम्प्युटरला बाहेरूनच हळदकुंकू लावितात, वर एक फूल ठेवितात आणि मोकळे होतात. परंतु या घराण्याची चाल निराळी. मूळ पुरुष म्हणत असत की, तलवार म्यानात ठेवून पुजिली तर पूजा म्यानास पोहोचते, तलवारीस काय मिळाले? म्हणोन या घरी विळीचे पाते पाटातून काढून पुजितात, शिलाई मशीनची सुई वेगळी करून पुजितात, आणि स्कूटरचा प्लग काढून त्यासही गंध लावितात. मग राजेयांनी सकाळीच स्नान करून सोवळे नेसले आणि पेटीचे झाकण उघडिले, आणि धूळ झाडिली, आणि डिस्क तिचे खणातून काढिली, आणि दोन्ही केबली ओढून पाटावर सरळ मांडिल्या, आणि सर्वांवर झेंडूची फुले कुस्करून भरघोस उधळिली, आणि आरती इतकी खणखणीत म्हटली की लिंगोपंत भिंतीपलीकडून घंटा वाजवू लागले. मग अवघे स्वहस्ते जोडून ठेविले आणि मिशीवर पीळ देत बोलिले, "पाहिलेत? एक स्क्रू उरला नाही!" बाईसाहेब म्हणाल्या, "उरला नाही हेच नवल."

दुपारी पुरणपोळी जाहली, आणि मग बाईसाहेबांनी किल्ला जागा केला. पंखा फिरला, दिवा लागला, नाकेदाराने हजेरी घेतली आणि काळ्या पडद्यावर लिहून दिले की हार्ड डिस्क सापडत नाही. बाईसाहेबांनी किल्ला पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला, उत्तर तेच. राजे धावत आले, लिंगोपंत भिंतीवरून चढून आले, आणि मसलत बसली. राजे बोलिले, "दोन थापा मारा, आमचा रेडिओ थापेनेच सुधारत असे." लिंगोपंत बोलिले, "छे छे! तांदळाच्या डब्यात ठेवावी. माझ्या भाच्याचा फोन तांदळानेच जगला." राजे म्हणाले, "तो पाण्यात पडला होता!" लिंगोपंत म्हणाले, "मग दृष्ट काढा, मीठमोहऱ्या घरातच आहेत." दुरुस्तीच्या दुकानास फोन लाविला, तेथे दसऱ्याची सुट्टी आजपासूनच. मग राजेयांचा चेहरा उतरला, आणि ते हळूच म्हणाले, "सगुणा, माझ्याच हातून काही झालं का गं? चिमीचा आवाज गेला का?" करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ऐशी त्यांची गत. बाईसाहेबांस रागही आला आणि कीवही आली, परंतु त्यांनी पदर खोचिला आणि बोलिल्या, "गेला म्हणू नका. डिस्क मेली की नुसती बोलत नाही, ते आधी पाहू. आणि थाप मारायची असेल तर लिंगोपंतांच्या पाठीत मारा." हे ऐकून लिंगोपंत दोन पावले मागे सरकले.

मग बाईसाहेबांनी पेटी आडवी निजविली, झाकण उघडिले आणि डिस्केच्या पाठीवर तळहात ठेवून राजेयांस किल्ला सुरू करावयास सांगितले. तळहातास बारीक थरथर लागली. बाईसाहेबांचे डोळे चमकले, आणि म्हणाल्या, "फिरतेय! जिवंत आहे. रसद पोहोचते, खबर तेवढी अडली." मग वीज बंद करविली, भिंतीतील पिनही काढविली, आणि तांबडी केबल दोन्ही टोकांस दाबून बसविली. पुन्हा हजेरी, पुन्हा गैरहजर. आता शेजारच्या खणात सीडीचे यंत्र होते. त्याची केबल निळी, तिचे मदरबोर्डावरील भोक वेगळे, आणि ते यंत्र मात्र नाकेदारापुढे रोज हजर होत असे. बाईसाहेब बोलिल्या, "दोन जावांची कामं बदलून पाहू, म्हणजे कसूर कुणाची ते कळेल." मग वीज तोडून तांबडी वाट सीडीस दिली आणि निळी वाट डिस्केस दिली. नाकेदाराने पुकारा केला: सीडी हजर, डिस्क गैरहजर. राजेयांनी कपाळास हात लाविला. परंतु बाईसाहेब आनंदाने टाळी वाजवून बोलिल्या, "अहो, रडता काय! तांबडी केबल निर्दोष, तिच्या वाटेनं सीडी आली की नाही? मदरबोर्डाची भोकंही दोन्ही निर्दोष. चांगली वाट दारापर्यंत जाते आणि तरी आतून ओ येत नाही, म्हणजे खोट डिस्केच्या दारातच आहे." लिंगोपंत म्हणाले, "मी तेच म्हणणार होतो."

मग वीज पुन्हा तोडून डिस्क खणातून बाहेर घेतली, आणि राजेयांनी बॅटरी धरिली, आणि बाईसाहेबांनी चष्मा नाकावर चढवून तिचे तोंडात डोकाविले. जेथे खबरेची केबल बसते त्या खाचेत, पितळी रेघांवर, काही केशरी दिसले. बाईसाहेबांनी भुवयांचा चिमटा मागविला आणि श्वास धरून ते अलगद ओढिले. झेंडूची एक पाकळी! केबलीने दाबून दाबून चपटी जाहलेली, सोनाराच्या वर्खाइतकी पातळ. राजेयांनी ती पाहिली, आणि बाईसाहेबांकडे पाहिले, आणि लाजेने कानापर्यंत लाल जाहले. बाईसाहेब बोलिल्या, "पूजा तलवारीस पोहोचली हो! थेट घशात!" आणि त्यांस ऐसे हसू फुटले की डोळ्यांत पाणी आले, आणि राजेही हसू लागले, आणि लिंगोपंत कारण न कळता हसले. मग खाच कोरडी पुसून डिस्क स्वस्थानी बसविली, केबल कट् म्हणोन लागली, आणि नाकेदाराने पुकारा केला. हार्ड डिस्क हजर. राजेयांनी अंगणात जाऊन स्कूटरचा हॉर्न वाजविला, तीच त्या राज्याची तोफ.

आणि राजे स्वतः कोपऱ्यावरच्या उघड्या दुकानातून पेन ड्राइव्ह घेऊन आले, आणि सर्वांआधी गाण्याची नक्कल काढिली. मग सांज जाहली, बायका आल्या, पाटावर हत्ती मांडिला, आणि फेर धरून गाणी जाहली. शेवटी बाईसाहेबांनी कॉम्प्युटर लाविला, आणि चिमाबाईंचा आवाज अंगणात उमटला, ठसकेबाज, मधूनच खोकणारा:

वहिनीनं केली भाकर गं, भाकरीला पडलं भोक,
भोकातून नणंद बघते गं, हसती सारे लोक!

बायका हसत टाळ्या देऊ लागल्या. कडव्यामागून कडवे गेले, बाईसाहेबांच्या आमटीची, लाटण्याची, माहेरच्या बढाईची कोणतीच गय नाही. आणि मग ते आले, जे कोणास पाठ नव्हते:

तीच भाकर बांधून द्या गं, मला जायचं लांब,
वहिनी माझी दारात म्हणे, आणखी थोडी थांब!

फेर जागीच थांबला. राजेयांनी उपरण्याने डोळे पुसले. बाईसाहेबांनी पुसले नाहीत, वाहू दिले. गाणे संपले, परंतु माइक तेव्हा बंद करावयाचा राहिला होता. ते कोणाच्या ध्यानी नव्हते. चिमाबाई हसल्या आणि बोलिल्या, "झालं गं! आता खिरापत काय केलीस, वहिनी? ओळखायला लावू नकोस, भूक लागलीय, सांग!"

तेव्हा बाईसाहेबांनी झाकलेली वाटी पुढे केली. बायकांनी करंजी म्हणोन पाहिले, वड्या म्हणोन पाहिले, साटोरी म्हणोन पाहिले, कोणास ओळखेना. मग झाकण उघडून बाईसाहेब त्या आवाजाच्या दिशेने बोलिल्या, "पाकळी आहे, वन्सं. तुमच्या भावानं घातली. हिच्यापायी आज घटकाभर तुम्ही गप्प बसलात, जन्मात पहिल्यांदाच!" अंगणभर हशा पिकला, आणि त्यात राजेयांचा आवाज सर्वांत मोठा.

येणेप्रमाणे खंडेनवमी सुखरूप पार पडली. गाण्याच्या नकला आता तीन, एक लिंगोपंतांकडेही आहे. घराण्याची चाल मोडली नाही; तलवार म्यानातून काढूनच पुजितात. फक्त डिस्केस फूल वाहावयाचे ते अख्खे, कुस्करून नव्हे, ऐसा बाईसाहेबांचा हुकूम जाहला आहे.